पोकळ बर्फ

बेइच्याओ, २४ जानेवारी १९८४

आई, नमस्कार.

तुम्ही पाठवलेली गोठवलेली नासपती परवा पोचली. टोपली उघडल्याबरोबर तुमच्या नातीनं, तांताननं, एक दगडासारखी कडक नासपती तशीच तोंडात घातली, दात बधिर झाले म्हणून रडली आणि मग दुसरी मागितली. उरलेल्या मी लपवून ठेवल्यात, चांद्र नव्या वर्षाला गार पाण्यात सोडून मऊ करीन.

इकडे बर्फ पडायचं थांबत नाही. आम्ही दर आठवड्याला पुलाखाली पहारीनं भोकं पाडतो आणि फिरकीचं यंत्र सोडून प्रवाह मोजतो. यंत्र पाण्याबाहेर काढेपर्यंत त्याच्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. यंदा उसुन नदीला बर्फाखालून नेहमीपेक्षा बरंच जास्त पाणी आहे. पानगळीच्या दिवसांत पाऊस झाला, जमीन ओली असतानाच गोठली आणि आता वर हा एवढा थर. वितळेल तेव्हा यातलं काहीच जमिनीत मुरणार नाही.

सरोवराची पातळी तुम्ही रोज बघता. ती किती आहे, कळवाल का? कचेरीत आकडा येतो, पण मला तो तुमच्याकडून हवा आहे.

घरी सगळे बरे. चांगलिनभावजींना म्हणावं, नवं वर्ष लागायच्या आत केस कापा.

तुमची सूयुन


माजियातुन, ८ फेब्रुवारी

सूयुन,

घरी सगळे बरे म्हणजे कोण कोण? तुझ्या नव्या नवऱ्याचं नाव दू आहे हे मला माहीत आहे. नाव लिहिलंस म्हणून मी काही त्याला खात नाही. मुलगा गेल्यावर सून तरणीताठी घरात कोंडून ठेवणारी बाई मी नव्हे, मीच तुला जा म्हणाले होते. तेव्हा असं चोरट्यासारखं लिहू नकोस.

(वहिनी, हे सांगताना आई चिमट्यानं निखारे फोडत होती. केस कापले. कानाला सर्दी झाली. – चांगलिन)

नवं वर्ष झालं. आंबट कोबीच्या करंज्या केल्या. आम्ही दोघंच खाणारी, आणि मी सवयीनं पाच माणसांच्या केल्या. हा गधडा चार दिवस त्याच खातोय.

पातळी विचारतेस. हेइशी सरोवर लाल खुणेच्या वर दोन वीत आहे. आपला गेलेला चांगहो पातळीची पट्टी बघायचा तेव्हापासून आजवर या दिवसांत ते इतकं भरलेलं कुणी बघितलेलं नाही. मी रोज सकाळी भोक फोडते, वाकते, बघते, फोनवर सांगते. पलीकडून कुणीतरी ‘बरं’ म्हणतं आणि ठेवतं.

पण तू नुसती पातळी विचारायला पत्र लिहिलेलं नाहीस. तू माझ्या घरात सहा वर्षं होतीस. मीठ मागायचं असलं की आधी तब्येत विचारायचीस. काय हवंय ते बोल.

आई

(सरोवरावरचा गाड्यांचा रस्ता यंदा एकदम झकास आहे. जंगलातले ओंडके रोज वीस-वीस घसरगाड्या येतात. आपला करडा घोडा आता माझं ऐकतो. आईचं ऐकतो त्यापेक्षा कमीच. – चां.)


बेइच्याओ, १४ फेब्रुवारी

आई,

बोलते.

सरोवराच्या बांधाचे दरवाजे आत्ता उघडायला हवेत. आत्तापासून मार्चअखेरपर्यंत, हळूहळू. सरोवर निदान माणूसभर खाली गेलं, तर बर्फ वितळायला लागल्यावर दरवाजे बंद करून वरचं सगळं पाणी तिथं धरता येईल. मग नदी शांतपणे उघडेल. बर्फ जागच्या जागी कुजेल आणि तुकड्यातुकड्यानं जाईल. नाही तर वरून लोंढा येईल, जाड बर्फ अख्खाच्या अख्खा उचलला जाईल आणि आमच्या पुलाला येऊन अडेल. मग नदी दांडगाईनं उघडते. तुम्ही ते बघितलेलं नाही. मीही नाही, पण मी आता इथं राहते.

आमच्या जलकचेरीचे फेइसाहेब म्हणतात, गावाच्या होकाराशिवाय कचेरी दरवाज्यांना हात लावणार नाही. चांगहोंच्या प्रसंगानंतर तसा ठरावच आहे. आणि गावात सगळे म्हणतात, फंगचिनकाकू, म्हणजे तुम्ही, हो म्हणालात तर हो.

म्हणून मी तुम्हाला विचारते आहे. मला दुसऱ्या कुणी हे लिहायला सांगितलेलं नाही.

सूयुन


माजियातुन, २१ फेब्रुवारी

सूयुन,

तुझं पत्र चांगलिननं मोठ्यानं वाचलं. मधेच थांबला. मी म्हटलं, पुढं वाच.

तू विसरली असशील तर सांगते. त्या वर्षी सकाळची पातळी सांगून चांगहो पलीकडच्या जंगलात सरपणाला गेला. तो गेल्यावर त्यांनी दरवाजे उघडले. आम्हाला एका शब्दानं सांगितलं नाही. चौथ्या दिवशी तो भरली गाडी घेऊन परत आला. वरून बर्फ तसाच दिसत होता, पांढरा, सपाट. खालचं पाणी निघून गेलं होतं आणि काठाचा बर्फ नुसता लटकत होता, आत पोकळ. घरातून मला तो दिसत होता. मी चुलीवर पाणी चढवलं, आल्याआल्या गरम प्यायला हवं म्हणून. मागं वळून बघितलं तर काठापाशी कुणीच नव्हतं.

तू तेव्हा तांतानला घेऊन तुझ्या आईकडे होतीस. तू बघितलं नाहीस. मी बघितलंय.

आणि आता तू मला विचारतेस, की परत तसंच करा. खाली गेलीस, खालची झालीस. तुमच्या पुलाखाली पाणी नको म्हणून आम्ही पोकळ बर्फावर नाचायचं. नाही म्हणजे नाही. देफा सरपंच विचारायला येणार आहे, त्यालाही हेच सांगणार.

तांतानला पापा.

(वहिनी, तिनं शेवटची ओळ तीनदा खोडायला लावली आणि परत लिहायला लावली. थोडे दिवस जाऊ द्या. – चां.)


बेइच्याओ, २७ फेब्रुवारी

आई,

तुम्ही लिहिलंत त्यातलं एकही अक्षर खोटं नाही. म्हणून उत्तर द्यायला वेळ लागला.

तुम्ही आत्ताच मला दूचं नाव चोरू नकोस म्हणालात. तर त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगते. त्याची पहिली बायको वारली एवढंच मी तुम्हाला सांगितलं होतं. कशानं, ते तुम्ही विचारलं नाहीत, आणि मला सांगवलं नाही.

चांगहो गेले त्याच दिवशी दरवाजे बंद केले. सरोवर नुकतंच कुठे उतरू लागलं होतं. एप्रिलमध्ये ते तुडुंब भरलं, वरून पाणी सांडलं आणि इथं पुलाला बर्फ अडला. दुपारची वेळ होती. पाणी खालच्या आळीत शिरलं ते घराएवढाले बर्फाचे तुकडे घेऊन शिरलं. दू लाकूडगिरणीत होता. त्याची बायको घरात होती, पोटुशी होती. त्या आळीतली आणखी सात माणसं गेली. दू आजही तिकडून जायचं टाळतो, लांबच्या रस्त्यानं कामाला जातो.

म्हणजे आई, आपले चांगहो गेले त्यानं कुणीच वाचलं नाही. तेही गेले आणि इकडचेही गेले. अर्धवट केल्यामुळे.

त्या आळीच्या जागी आता शाळा बांधली आहे. तांतान तिथं दुसरीत आहे. हे लिहू नये असं वाटत होतं, पण लपवलं असतं तर तुम्ही ओळखलंच असतं.

यापुढे मी विचारणार नाही.

सूयुन


माजियातुन, ६ मार्च

सूयुन,

हे तू पाच वर्षांत सांगितलं नाहीस.

तुझं पत्र आलं तेव्हा चांगलिन ओंडके आणायला गेला होता. मी ते पुढ्यात ठेवून बसले. तो आला, वाचलं, मग दोघंही जेवलो नाही. तो म्हणाला, “आई, तू काय म्हणशील ते.” मी म्हटलं, “असं म्हणू नकोस, मला राग येतो.”

दुसऱ्या दिवशी देफाच्या घरी सगळे जमले. ओट्यावर जागा नव्हती, तंबाखूच्या धुरानं डोळे चुरचुरत होते. मी उठून म्हटलं, “दरवाजे उघडा म्हणावं.”

तो वेडा ल्यू म्हणाला, “आणि गाड्यांचा रस्ता? महिनाभर ओंडके कुठून ओढायचे?”

मी म्हटलं, “तुझ्या डोक्यावरून ओढ. रिकामंच आहे.”

लोक हसले. हसले तेव्हा मला कळलं, ते तयार आहेत. देफानं पुन्हा विचारलं, “काकू, नक्की ना? उद्या आम्हाला बोल लावू नका.”

मी म्हटलं, “बोल लावायचा तर लावीनच. पण उघडा.”

ठरलं ते असं. रस्ता दोन्ही काठांना बंद. आपल्या काठावर आणि पलीकडे, दोन्हीकडे दोन-दोन माणसं दिवसभर उभी राहणार. पाइनच्या फांद्या रोवून वाट अडवायची, म्हणजे लांबूनही दिसेल. दरवाजे रोज थोडे थोडे उघडायचे. दरवाज्यांवरचा छू आता रोज मला विचारून चाक फिरवतो, म्हणजे फिरवायच्या आधी एकदा आमच्या घरात डोकावतो आणि चहा पिऊन जातो.

(फांद्यांचं काम माझ्याकडे आलंय, वहिनी. काल एक दिवसात अख्खं कुंपण केलं. पलीकडच्या लाकूडतोड्यांच्या तळावरही सांगून आलो. ते म्हणाले, तुमच्या सरोवराला काय झालं, आजारी आहे का? तांतानला सांगा, काका बर्फावर झाडं लावतो. – चां.)


बेइच्याओ, १९ मार्च

आई,

काल मोजलं. तुमच्याकडून सुटलेला विसर्ग पुलापर्यंत पोचला. बर्फाखालचं पाणी हळूहळू वाढलं, पण बर्फ जागचा हलला नाही. फेइसाहेब आले होते. ते आकड्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “असं अजून दोन आठवडे चाललं तर आपण वाचलो.” ते असं कधी बोलत नाहीत.

मी काय लिहू? आभार मानले तर तुम्ही रागवाल.

चांगलिनभावजींसाठी कुत्र्याच्या कातड्याचे हातमोजे पाठवते. कातडं दूनं स्वतः कमावलं, शिवले मी. अंगठा जरा मोठा झालाय. बर्फावर दिवसभर उभं राहायचं म्हणजे त्यांच्या त्या लोकरीच्या मोज्यांचं काम नाही. आणि आई, एक सुचवायचं आहे. इथल्या पोस्टात एक मुलगी आहे, छिन म्हणून. तुमची पत्रं तीच मला आणून देते आणि भावजींनी कंसात काय लिहिलंय ते विचारते. मी एकदोनदा वाचून दाखवलं. हसते. मेमध्ये त्यांना इकडे पाठवा.

सूयुन


माजियातुन, ३० मार्च

सूयुन,

पातळी लाल खुणेच्या खाली तीन हात गेली. काठाचा बर्फ लटकतोय. रस्ता बंद आहे. चांगलिन सरोवरावर आहे.

मोजे मिळाले.

दरवाजे चालूच आहेत. तू तिकडे नदीवर लक्ष ठेव, इकडची काळजी करू नकोस. नदी उघडेपर्यंत पत्र लिहायची घाई करू नकोस.

आई


बेइच्याओ, २४ एप्रिल

आई,

नदी उघडली!

घाई करू नकोस म्हणालात म्हणून थांबले, नाही तर रोज लिहिलं असतं. तुमचं मागचं पत्र तुम्ही स्वतः लिहिलंत, भावजींकडून नाही. ती मोठी मोठी, एकमेकांना धडकणारी अक्षरं बघून मला बरं वाटलं. म्हटलं, आईंचा राग गेला, आता मधे कुणी नको असं त्यांना वाटलं असेल.

वीस तारखेला सकाळी पुलाखाली बर्फ कडाडला. सगळं गाव काठावर. शाळा फेइसाहेबांनी दोन दिवस आधीच बंद करून घेतली होती. बर्फ आला, पुलाच्या खांबांना अडलाही. मी पुलावर होते. पाणी चढायला लागलं तशी माझी पट्टी दिसेनाशी झाली. मी मोजायचं सोडून नुसती बघत राहिले. घाटाची एक पायरी, दुसरी, तिसरी. बाजाराच्या ओट्याला लागलं आणि तिथं थांबलं. वरून आणखी पाणी आलंच नाही, कारण तुम्ही ते तिकडे धरून ठेवलं होतं. दुपारनंतर बर्फाचा ढीग आपोआप ढासळला आणि गेला. कुणाच्या घरात पाणी शिरलं नाही. एक नाव गेली आणि बाजारातल्या दोन कोंबड्या.

दू माझ्या शेजारी उभा होता. बर्फ निघून गेला तसा तो तिथंच खाली बसला आणि उठेना. मी हात धरून त्याला घरी नेलं. दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या रस्त्यानं कामाला गेला.

आता गंमत ऐका. लोक काय म्हणतात, तर एवढा गाजावाजा केला, शाळा बंद केली, सामान माळ्यावर चढवायला लावलं, आणि आलं काय, पायरीभर पाणी! बाजारसमितीचा चिटणीस मला म्हणाला, “बाई, तुमच्या यंत्राला घाबरायची सवय लागलीये.”

भावजी का लिहीत नाहीत? मोजे लहान झाले का? छिन रोज विचारते, कंसवाल्यांचं पत्र नाही आलं?

सूयुन


माजियातुन, ३ मे

सूयुन,

हे पत्र तांतान शाळेत असताना वाच.

चांगलिन गेला. मागच्या महिन्यात नाही, त्याच्याही मागच्या. अठरा मार्चला. तुझे मोजे आले तेव्हा तो नव्हता.

कसं झालं ते सांगते, म्हणजे तू स्वतःच्या मनानं काही रचत बसणार नाहीस. पहिला आठवडा सगळी माणसं पाळीनं उभी राहिली. मग कंटाळली. थंडी होती, कुणी येत नव्हतं, कुणाकडे लग्न होतं, कुणाची गाय व्यायली. पलीकडच्या काठावर त्या दिवशी कुणीच नव्हतं. आपल्या काठावर चांगलिन एकटा होता. जोडीला ल्यू होता, तो जेवायला घरी आला होता.

तिकडून एक घसरगाडी आली. तळावर नवा आलेला एक पोरगा. फांद्या त्याला दिसल्या होत्या. त्याला वाटलं, बंदी भरल्या गाड्यांना आहे, आपली तर रिकामी. चांगलिननं ओरडून बघितलं, वारा उलटा होता. मग तो कुंपण ओलांडून हात हलवत पळाला. त्या पोरानं त्याला बघितलं, घोडा थांबवला, वळवला. तो वाचला. घोडाही वाचला. चांगलिन काठाच्या लटकत्या बर्फावर होता. ल्यूच्या घरच्यांनी आवाज ऐकला. दोऱ्या, फळ्या घेऊन सगळे धावले. भोक होतं, माणूस नव्हता.

तो पोरगा आला. दारात गुडघे टेकून बसला, उठ म्हटलं तर उठेना. मी त्याला प्यायला गरम पाणी दिलं. दुसरं काय देणार?

मग छू आला. टोपी हातात धरून म्हणाला, “काकू, दरवाजे बंद करतो. बर्फाखाली ओढ आहे. पाणी थांबलं तर तो सापडेल.”

मी विचारलं, “किती उतरलंय?”

“अर्ध्यावर आलंय.”

“बंद केलंस तर परत उघडतील?”

तो म्हणाला, “नाही उघडणार. कचेरीला कळलं की यंदाचं संपलं.”

मी म्हटलं, “चालू ठेव.”

तो हलेना. “काकू, तो तुमचा...”

मी म्हटलं, “माझा कोण ते मला ठाऊक आहे. चालू ठेव.”

देफाला सांगितलं, सरोवर पुरतं उतरेपर्यंत कचेरीला कळवू नकोस. तोही रडला आणि कबूल झाला. मी रोज सकाळी भोक फोडायची, पातळी बघायची, फोनवर सांगायची. पलीकडून ‘बरं’ म्हणायचे. तुला कळवलं असतं तर तू नदी सोडून धावत आली असतीस, आणि फेइच्या कानावर गेलं असतं. म्हणून नाही कळवलं.

परवा सरोवर मोकळं झालं. तो दरवाज्यांच्या जाळीपाशी सापडला. छूनंच काढला. चांगहोच्या शेजारी ठेवलाय.

तुझी पत्रं मी एकटीच वाचते आता, अक्षर लावायला वेळ लागतो. त्या पोस्टातल्या मुलीला सांग, त्याचं येणं जमत नाही म्हणून. जास्त सांगू नकोस.

तू मागितलंस म्हणून तो गेला, असं मी म्हणणार नाही. राग नाही असंही म्हणणार नाही. राग आहे, कुणावर ते रोज बदलतं. काल ल्यूवर होता. आज त्याच्या बायकोवर आहे, तिनं जेवण गरम ठेवलं म्हणून.

आई


बेइच्याओ, ९ मे

आई,

मी शनिवारच्या गाडीनं निघते. दार उघडलं नाहीत तरी चालेल, बाहेर बसेन.

मी त्या पत्रात ‘गंमत ऐका’ असं लिहिलं. तुम्ही ते वाचलंत.

काल बाजारात तो चिटणीस पुन्हा कुणाला तरी पायरीभर पाण्याचं सांगून हसत होता. मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, वर माजियातुनला कुणाचा मुलगा कशासाठी गेला ते. नाव सांगितलं. तो म्हणाला, “आम्हाला काय माहीत?” खरंच आहे. त्यांना काय माहीत? त्यांच्या घरात पाणी आलं नाही.

दूला सांगितलं. तो जाऊन माझं तिकीट काढून आला.

सूयुन


माजियातुन, १२ जून

सूयुन,

तू आलीस, आठ दिवस राहिलीस, पातळीची पट्टी घासलीस, लाकडं फोडलीस, आणि आपण बोललो मात्र काही नाही. तुला वाटलं असेल, म्हातारीला मी नकोशी झाले. तसं नाही. बोलायला लागले असते तर काय काय निघालं असतं, त्याची मला भीती होती.

जाताना तू फाटकापाशी विचारलंस, “आई, पुढच्या वर्षी पुन्हा असंच भरलं तर मी काय करू?” मी आत निघून गेले. आता उत्तर देते.

मागायचं. भरलं तर दर वर्षी मागायचं. पण नुसतं कागदावर नाही. पाणी तुमच्यासाठी सोडायचं, तर बर्फावर तुमची माणसंही उभी राहायला हवीत. आमची माणसं चार दिवसांनी कंटाळतात, कारण त्यांचं तिथं काही बुडत नाही. तुमचं बुडतं. सहा माणसं पाठवायची, दरवाजे उघडे आहेत तोवर. खायला आम्ही घालू, झोपायला ओटा देऊ. माणसं आली तर दरवाजे उघडतील, नाही तर नाही. हे देफानं लिहून फेइकडे पाठवलंय. तू तिकडून रेटा लाव. त्या चिटणिसालाही सांग, त्याच्या पायऱ्या आहेत.

आई


बेइच्याओ, ११ फेब्रुवारी १९८५

आई,

पातळी तुम्हाला दिसतेच आहे. प्रवाह मागच्या वर्षाएवढाच आहे. म्हणून मी मागते आहे.

सहा माणसांसाठी मी सभा बोलावली. हात वर करणारे अकरा होते. नावं लिहून घ्यायला लागले तसे सहा झाले. आज सकाळी मोटारीच्या थांब्यावर किती येतील, ठाऊक नाही. जे येतील त्यांना गरम घाला आणि कामाला लावा. मला पुलावरून हलता येत नाही.

सूयुन


माजियातुन, ५ मार्च १९८५

सूयुन,

सहा नाही, दोनच आले. एक शाळेचा शिपाई आहे, तो सारखा नाक पुसतो आणि कण्या पातळ झाल्या म्हणून कुरकुरतो. दुसरा दू आहे. तू मला कळवलं नव्हतंस. बहुधा त्यानं तुला थांब्यावर पोचेपर्यंत सांगितलंच नसेल.

दारात उभा राहून म्हणाला, “मी दू बाओशान.” एवढंच. मी विचारलं, “तू कशाला आलास? गिरणी नाही का?” म्हणाला, “बाकीचे आले नाहीत.”

दोन माणसांवर दरवाजे उघडायला देफा तयार नव्हता. ठरल्याप्रमाणे सहा हवेत म्हणाला. मग दू म्हणाला, “मी दोन पाळ्या करीन.” ल्यू कोपऱ्यात बसला होता, मागच्या वर्षापासून तो कुणाशी बोलत नाही. तो म्हणाला, “मीपण करीन.” मग आणखी दोघं निघाली. सहावी मी आहे. मला हसू नकोस, माझा आवाज अजून पलीकडे जातो.

दू पलीकडच्या काठावर उभा राहतो, तिकडे वारा जास्त आहे. संध्याकाळी सरोवराला वळसा घालून चालत येतो, म्हणजे बराच वेळ लागतो. बर्फावरून येत नाही. जेवताना बोलत नाही. काल मी त्याच्या वाडग्यात दुसऱ्यांदा घातलं तर थांबला आणि म्हणाला, “माझी बायको अशीच न विचारता वाढायची.” कोणती, ते मी विचारलं नाही. तुझ्याबद्दल असेल तर तुला कळावं म्हणून लिहिलं.

पातळी लाल खुणेच्या खाली आहे. काठाचा बर्फ काल लटकायला लागला. रात्रभर कडकड ऐकू येतं. मी झोपत नाही, ते मागच्या वर्षापासूनच.

आज दुपारी पलीकडून एक घसरगाडी आली. दूनं फांद्या न ओलांडता, काठावरच उभं राहून दोन्ही हात पसरले. गाडीवानानं चाबूक दाखवला, शिव्या दिल्या, माझी तर रिकामी आहे म्हणाला, हे शिपायानं संध्याकाळी सांगितलं. दू हलला नाही. शिपाई नाक पुसत त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. बराच वेळ त्यांची बाचाबाची चालली होती, इकडून मला शब्द कळत नव्हते, फक्त हात दिसत होते.

मग गाडी वळली. परत गेली.

आई